रोहण्यात संस्था काढायची तर खर्च किती?

एक क्विंटल कापूस विकून जो चुकारा हाती येतो, तेवढ्यात दहा संस्थांची सरकारी नोंदणी फी भरून होईल. गावोगाव संस्था भराभर निघतात त्या यामुळेच. अभ्यासिका काढू, वाचनालय काढू, गोरक्षण काढू, व्यायामशाळा काढू. चार जण पारावर बसले की पाचवा म्हणतो, ‘आधी रजिस्टर करून घ्या ना भाऊ, ग्रँट भेटते.’ ग्रँट कुठून भेटते, कधी भेटते आणि ती येईपर्यंत खर्च कोण करतो, हे मात्र तो सांगत नाही. म्हणून पुलगाव–आर्वी रस्त्यावरच्या रोहण्यासारख्या गावात एक संस्था नोंदवायची आणि निदान पाच वर्षे चालवायची, तर एकूण खर्च किती येतो याचा हिशेब इथे मांडला आहे. सल्लागार, लेखापरीक्षक, छपाई यांचे दर माणसागणिक बदलतात, त्यामुळे ते आकडे अंदाजाचे समजावेत. कायद्यातल्या मुदती आणि मर्यादा मात्र अंदाजाच्या नाहीत, त्या पाळाव्याच लागतात.

वर्धा जिल्ह्यात ‘संस्था’ म्हटले की डोळ्यांसमोर मोठी नावे येतात. जमनालाल बजाजांनी इथे आश्रम आणला, १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ मगनवाडीत सुरू झाला, १९३६ मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती आली, त्याच वर्षी गांधीजी शेगावात म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला गेले. त्या संस्थांमागे देशभरातून येणारा पैसा होता आणि आयुष्य वाहून घेतलेली माणसे होती. आपल्या संस्थेत सचिव सकाळी शेतावर असतो आणि अध्यक्ष दुपारी दुकानात. खर्चाचा अंदाज बांधताना हा फरक ध्यानात असू द्यावा.

आधी नोंदणी लागते का ते पाहा

पुष्कळ कामांना नोंदणी लागतच नाही. बिनकामाची नोंदणी टाळली, तर या लेखाचे पैसे तिथेच वसूल.

गणेशोत्सव किंवा दुर्गोत्सवापुरती वर्गणी गोळा करायची असेल, तर कायमस्वरूपी संस्था कशाला? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१क कलमाखाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी मिळते. अर्ज ऑनलाइन करता येतो. उत्सव आटोपला की जमाखर्च सादर करायचा, विषय संपला. परवानगी न घेता पावती पुस्तक फिरवणे हा मात्र गुन्हा आहे, आणि ‘आजवर कुणी विचारले नाही’ हा त्यावरचा बचाव होत नाही.

महिला बचत गटाला धर्मादाय नोंदणी लागत नाही. ठराव करून बँकेत खाते उघडता येते आणि ‘उमेद’ अभियानात जोडून घेता येते. शेतमालाची एकत्र खरेदी-विक्री करायची असेल, तर तो धंदा आहे. त्यासाठी शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था काढावी, दहा शेतकऱ्यांत कंपनी होते. सेवाभावी संस्थेच्या नावावर सोयाबीन, तूर घेऊन विकायला लागलात, तर आयकर खाते आणि धर्मादाय कार्यालय दोन्हीकडे उत्तर द्यावे लागेल.

गावाचे काम गावानेच करायचे असेल, तर सर्वांत स्वस्त संस्था आधीपासून उभी आहे, ती म्हणजे ग्रामपंचायत आणि तिची ग्रामसभा. आपल्याच आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कपमध्ये राज्यात पहिला क्रमांक काढला आणि ५० लाखांचे बक्षीस मिळवले. त्या स्पर्धेत गाव उतरत होते, कुणाची नोंदणीकृत संस्था नव्हे. नाला खोलीकरण, झाडे लावणे, शाळेची रंगरंगोटी अशी कामे डोक्यात असतील, तर ग्रामसभेचा ठराव घ्या आणि कुदळ उचला.

नोंदणीचा विचार करावा तो तीन कारणांनी. संस्थेच्या नावावर जागा किंवा इमारत घ्यायची आहे, बाहेरच्या देणगीदाराकडून वा कंपनीकडून पैसे आणायचे आहेत, किंवा आजची माणसे नसतील तेव्हाही काम चालू राहावे असे वाटते. यांपैकी एकही नसेल, तर पुढचे वाचले नाही तरी चालेल.

नोंदणीचा खर्च

वाटा तीन आहेत. पहिली साधी विश्वस्त संस्था, दुसरी १८६० च्या कायद्याखालची सोसायटी, तिसरी कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालची ना-नफा कंपनी. तिसरीला दोन संचालक पुरतात आणि कागदावर ती रुबाबदार दिसते. पण तिची वार्षिक विवरणपत्रे उशिरा गेली, तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये दंड चढतो. वर्षभर विसरलात तर एका अर्जाचे ३६,५०० झाले. रोहण्यातल्या अभ्यासिकेसाठी ही वाट नको. विश्वस्त संस्था घराण्याच्या देणगीला किंवा देवस्थानाला ठीक. गावातल्या लोकांनी मिळून चालवायच्या कामाला सोसायटी बरी, कारण तिच्यात सभासद असतात, सभा होते, निवडणूक होते.

सोसायटीला किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात तिची नोंदणी दोनदा होते: एकदा १८६० च्या कायद्याखाली संस्था म्हणून आणि एकदा १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास म्हणून. दोन्हीचे कार्यालय एकच, वर्ध्याचे सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालय. न्यासाच्या नोंदणीचा अर्ज तीन महिन्यांत द्यावा लागतो. तो राहून गेला आणि एकाच प्रमाणपत्रावर गाडी चालली, अशा संस्था बऱ्याच सापडतील. न्यास म्हणून मिळणारा क्रमांक सोसायटीसाठी ‘एफ’ अक्षराने सुरू होतो. हिंदू देवस्थानाचा ‘ए’ने असतो. कुणी पावती पुस्तक घेऊन दारात आला, तर हे अक्षर पाहून अर्धी ओळख पटते.

कागद साधे आहेत: घटनापत्र आणि नियमावली, सात जणांची ओळखपत्रे व सह्या, संमतीपत्र, पहिल्या सभेचा ठराव, प्रतिज्ञापत्र आणि कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा. पत्ता कुणाच्या घरचा असेल, तर त्या घरमालकाची संमती आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ जोडावा. सातही जण एकाच घरचे घेऊ नयेत. आज सोपे जाते, पण उद्या देणगीदार यादी पाहतो आणि हात आखडता घेतो.

एक टीप मुद्रांकाची. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आला. मात्र सरकारी कार्यालयात आणि न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ पासूनच मुद्रांक शुल्काची माफी आहे. कुणी ‘पाचशेचा बाँड घेऊन या’ म्हटले, तर घाईने विकत घेऊ नका. धर्मादाय कार्यालयात विचारा आणि मगच पाकीट उघडा.

आता बेरीज. सरकारी फी, कोर्ट फी स्टॅम्प, टंकलेखन, झेरॉक्स आणि पॅनकार्ड यांना मिळून १,५०० रुपये धरा. यातला सरकारचा वाटा काही शेकड्यांचाच. पॅनला शंभराच्या आसपास लागतात. वकील किंवा सल्लागार यांची फी धरा १०,०००. शिक्के, सभावृत्त, सभासद नोंदवही, रोजकीर्द, पावती पुस्तके आणि दारावरची पाटी यांना २,५००. वर्ध्याच्या फेऱ्यांना, दोघे-तिघे जाणार हे धरून, आणखी २,५००. झाले १६,५००. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. सचिवपदी बाई आणि अध्यक्षपदी आजोबा निवडले, तर कागदपत्रांसाठीची धावपळ बरीच स्वस्तात होते. बायका हिशेबही चोख ठेवतात, हे बचत गटांनी केव्हाच दाखवून दिले आहे.

सल्लागाराचे दहा हजार वाचवता येतात का? येतात. अर्ज ऑनलाइन आहे, भाषा मराठी आहे. गावात एखादा निवृत्त शिक्षक किंवा ग्रामसेवक असेल, तर त्याला हे सहज जमते. पण सल्लागार घेणारच असाल, तर त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या की या पैशांत दोन्ही नोंदण्या, पॅन आणि बँकेचे खाते येईपर्यंतचे काम धरले आहे. ‘सात दिवसांत संस्था’ अशी जाहिरात करणारे पहिले प्रमाणपत्र हातात ठेवतात आणि न्यासाच्या नोंदणीचे पैसे वेगळे मागतात.

सल्लागाराने दिलेली तयार घटना डोळे मिटून सही करून टाकू नका. त्यातल्या दोन गोष्टी पुढे खिसा कापतात. पहिली कार्यकारिणीची मुदत. प्रत्येक निवडणुकीनंतर, राजीनाम्यानंतर, एखाद्या पदाधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. सगळे त्याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. घटनेत मुदत एक वर्ष लिहिली असेल, तर दर वर्षी हा खर्च. पाच वर्षे लिहिली, तर पाच वर्षांतून एकदा. दुसरी गोष्ट उद्देश. काही घटनांत शिक्षण, आरोग्य, शेती, क्रीडा, वृद्धाश्रम, अनाथाश्रम, अंतराळ सोडून सगळे असते. उद्देश पाच-सहा ठेवा, जे खरोखर करणार आहात तेच लिहा. नावातही ‘राष्ट्रीय’, ‘भारत’ असले मोठे शब्द नकोत. ‘मानवाधिकार’ आणि ‘भ्रष्टाचार निर्मूलन’ या शब्दांवर तर धर्मादाय आयुक्तांनी २०१८ मध्येच परिपत्रक काढून आक्षेप घेतला होता.

दर वर्षीचा खर्च

इथपर्यंत सगळे उत्साहात होते. फोटो निघतो, पेढे वाटले जातात, फलक लागतो. खरा खर्च पुढच्या ३१ मार्चला सुरू होतो.

त्या दिवशी संस्थेचे वर्ष संपते. हिशेब लिहून, ताळेबंद करून, लेखापरीक्षण होऊन अहवाल सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, धर्मादाय कार्यालयात जायला हवा. संस्थेने वर्षभर काहीच केले नसले तरी हे चुकत नाही. ‘काम नव्हते म्हणून ऑडिट केले नाही’ हे वाक्य त्या कार्यालयात रोज ऐकू येत असेल. २०१७ नंतर राज्यभर हजारो निपचित संस्थांची नोंदणी रद्द झाली, ती याच वाक्यापायी. रद्द झालेली नोंदणी पुन्हा उभी करायला वकील लागतो, आणि त्याची फी पाच वर्षांच्या ऑडिटपेक्षा जास्त होते.

लहान संस्थेच्या ऑडिटला ५,००० धरा. आर्वी, पुलगाव किंवा वर्ध्याच्या सनदी लेखापालाकडे आधी दर विचारून घ्या. तुमची रोजकीर्द नीट लिहिलेली असेल आणि पावत्या क्रमाने चिकटवलेल्या असतील, तर तो कमी घेतो. पिशवीभर चिठ्ठ्या नेऊन ओतल्यात, तर त्या लावण्याचेही पैसे लागतात. आयकर विवरणपत्राचे २,५००. चेंज रिपोर्टचा खर्च वर्षांवर पसरवला तर १,५००. प्रवास १,५००, बँकेचे शुल्क आणि कागद १,०००. एकूण ११,५००. अभ्यासिकेचे वीजबिल, भाडे, पुस्तके, झाडणाऱ्या बाईचा पगार यातले काहीही अजून धरलेले नाही. हा फक्त संस्था कागदावर जिवंत ठेवण्याचा खर्च.

पाच वर्षांचे ५७,५०० आणि सुरुवातीचे १६,५०० मिळून ७४,००० होतात. एवढे पैसे पाच वर्षांत कुठून येणार, हे पहिल्या सभेतच ठरवा. ‘बघू पुढे’ असे उत्तर आले, तर सभा तिथेच आटोपलेली बरी.

माझ्या मते याचे उत्तर एकच, वर्गणी. तीस घरांनी महिन्याला ५० रुपये दिले तर वर्षाचे १८,००० होतात. कागदाचा खर्च भागून ६,५०० उरतात, त्यात वर्तमानपत्रे आणि स्पर्धा परीक्षांची मासिके येतात. सार्वजनिक संस्था कायमच्या ठेवीवर चालवू नये, लोकांच्या वर्षावर्षाच्या वर्गणीवर चालवावी, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. लोकांना संस्था नकोशी झाली तर वर्गणी आटते आणि संस्थेला ते कळते, असा त्यामागचा विचार. ठेवीच्या व्याजावर चालणाऱ्या संस्थेला लोक विचारायला येत नाहीत. तीस घरे ५० रुपये द्यायला तयार नसतील, तर गावाला ती संस्था हवी आहे का, हाच आधी प्रश्न आहे.

सरकारी अनुदानाच्या भरवशावर वाचनालय काढणाऱ्यांसाठी दोन शब्द. सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान असते, पण २०१२ पासून अनेक वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यता देणेच थांबले होते. अनुदान मिळाले तर आनंद, पण अंदाजपत्रकात ते शून्य धरा.

८०जी: कुणाला लागते, कुणाला नाही

सल्लागार ज्या गोष्टीचे सर्वांत जास्त पैसे घेतात, ती ही. ‘१२ए आणि ८०जी करून देतो’ म्हणत आठ-दहा हजार सहज मागतात. सरकारी पोर्टलवर या अर्जांना फी नाही. तुम्ही जे देता ते सगळे मेहनतान्याचे.

आधी अर्थ समजून घ्या. १२ए म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट मिळवण्याची नोंदणी. ८०जी म्हणजे संस्थेला देणगी देणाऱ्याला त्याच्या करात मिळणारी सवलत. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा, २०२५ चा कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. तरी लोकांच्या तोंडी जुनेच आकडे आहेत, म्हणून इथेही तेच ठेवले.

संस्थेची वर्षाची सगळी जमा ८०,००० रुपये असेल, तर ती करपात्र मर्यादेच्या आतच आहे. कर लागतच नाही, तर सूट कशाला घ्यायची? नोंदणी घेतली की तिच्या मुदती आणि नूतनीकरण मागे लागतात. पहिली तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची, त्यानंतर नियमित नोंदणीसाठी पुन्हा अर्ज.

८०जीचा फायदा कुणाला होतो तेही पाहू. रोहण्यात देणगी देणारा बहुतेक शेतकरी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग त्याला करसवलतीचा उपयोग शून्य. गावचा शिक्षक, बँकेतला कर्मचारी, पुण्यातला अभियंता हे कर भरतात. पण २०२३-२४ पासून आयकराची नवी पद्धत हीच मूळ पद्धत झाली आहे, आणि तिच्यात ८०जीची वजावट मिळत नाही. जुनी पद्धत मुद्दाम निवडणाऱ्यालाच ती मिळते. समजा त्याने १०,००० रुपये दिले आणि तो २० टक्क्यांच्या टप्प्यात आहे. निम्म्या रकमेची, म्हणजे ५,००० ची वजावट मिळून त्याचा कर उपकरासह १,०४० रुपयांनी कमी होतो. तोही देणगी २,००० पेक्षा जास्त रोख नसेल तरच.

आता संस्थेच्या बाजूने पाहा. ८०जी घेतले की दर वर्षी ३१ मेपर्यंत सगळ्या देणगीदारांची यादी, त्यांच्या पॅन-आधारसह, आयकर खात्याला ऑनलाइन द्यायची आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र काढून द्यायचे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. सनदी लेखापाल या कामाचे वेगळे घेतो. वर्षाचे ३,००० जास्तीचे धरा. तुमच्याकडे जुन्या पद्धतीने कर भरणारे देणगीदार दोन-तीनच असतील, तर त्यांचा मिळून फायदा आणि तुमचा त्रास जवळजवळ बरोबरीत येतो. मी तरी पहिली तीन वर्षे ८०जीच्या वाटेला जाणार नाही.

अपवाद एकच, कंपन्यांचा पैसा.

सीएसआर आणि ‘आमची ओळख आहे’ म्हणणारे

निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, यालाच सीएसआर म्हणतात. हा पैसा घ्यायचा तर १२ए, ८०जी आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी हवी. १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे. शिवाय अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरही नोंद करून ठेवावी, सरकारी योजनांसाठी तो क्रमांक मागतात. दर्पण आणि सीएसआर-१ दोन्हींना सरकारी फी नाही.

तीन वर्षांची अट ऐकली की एक माणूस हमखास भेटतो. त्याच्याकडे ‘तयार संस्था’ असते. दहा वर्षांपूर्वीची नोंदणी, सगळी ऑडिट पूर्ण, फक्त बॉडी बदलायची. अमुक लाख द्या आणि घेऊन टाका. संस्था विकता येत नाही. तिला मालक नसतो, म्हणून विकणाराही नसतो. तुम्ही पैसे देता ते जुन्या सात जणांच्या राजीनाम्याचे. नवी नावे ‘शेड्यूल एक’वर, म्हणजे कार्यालयाच्या नोंदवहीत, चढेपर्यंत कायद्याने तुम्ही कुणीच नाही. जुन्यांपैकी एकाने हरकत घेतली, तर चेंज रिपोर्टची सुनावणी वर्षानुवर्षे चालते. आणि जुन्या संस्थेने काढून ठेवलेले देणे, अर्धवट अनुदानाचे हिशेब, सगळे तुमच्या गळ्यात.

दुसरा माणूस भेटतो तो ‘सीएसआर मिळवून देतो’ म्हणणारा. प्रस्ताव लिहायचे वीस हजार आधी आणि मंजुरीनंतर दहा टक्के. कंपन्या प्रस्ताव स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा कार्यालयात घेतात. दलाली त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नाही, तुमच्याही हिशेबात बसणार नाही. लेखापरीक्षकाला ते दहा टक्के कोणत्या खात्यावर दाखवणार? प्रस्ताव लिहिता येत नसेल, तर वर्ध्यातल्या एखाद्या जुन्या संस्थेत जाऊन बसा आणि त्यांचा मंजूर झालेला प्रस्ताव वाचून या. विचारले तर दाखवणारी माणसे या जिल्ह्यात अजून आहेत.

शिकागोची भाची

कुणाची तरी भाची अमेरिकेत असते आणि सुट्टीत गावी आली की म्हणते, ‘मामा, अभ्यासिकेला एक हजार डॉलर देते.’ या वाक्यावर टाळ्या वाजवण्याआधी तिचा पासपोर्ट विचारा.

ती अजून भारतीय नागरिक असेल, मग तिच्याकडे कामाचा व्हिसा असो की ग्रीन कार्ड, तर तिची देणगी आपल्यासारखीच. बँकेतून घ्या, पावती द्या. ती अमेरिकन नागरिक झाली असेल, तर ओसीआय कार्ड असूनही कायद्याच्या लेखी ती परदेशी स्रोत. तिने गावात येऊन रुपयांत दिले तरीही. असे पैसे घ्यायला २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी हवी, त्या तीन वर्षांत तिने मूळ कामावर १५ लाख खर्च केलेले हवेत आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत वेगळे खाते हवे. नियम मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेकडून पैसे आपल्याकडे वळवून घेऊ, ही वाटही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली. थोडक्यात, रोहण्यातल्या लहान संस्थेने अमेरिकन भाचीला नम्रपणे नाही म्हणावे. तिला द्यायचेच असेल, तर एफसीआरए असलेल्या एखाद्या संस्थेला त्या संस्थेच्याच कामासाठी द्यावे.

तिकडे शिकागोत तिच्यासारख्यांना संस्था काढायला काय लागते? तिथल्या आयकर खात्याकडे करमुक्त सेवाभावी संस्थेचा पूर्ण अर्ज केला तर ६०० डॉलर, वर्षाला ५० हजार डॉलरच्या आतली लहान संस्था असेल तर छोटा अर्ज २७५ डॉलरचा. सुरुवात आपल्यापेक्षा महाग. पण अशा लहान संस्थेला दर वर्षी केंद्राकडे फक्त एक ई-पोस्टकार्ड भरावे लागते, तेही फुकट. आपल्याकडे उलटे आहे, आत शिरणे स्वस्त आणि राहणे महाग. त्यांच्या मोठ्या संस्थांची विवरणपत्रे तर कुणीही मागून पाहू शकतो, आणि अध्यक्षाचा पगारसुद्धा त्यात छापलेला असतो. आपल्याकडे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या नकला फी भरून मिळतात, पण त्या मागायला जातो कोण?

जागा घ्याल तर

संस्थेच्या नावावर जमीन किंवा घर झाले, की ते विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त, किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायलाही. संस्थेने कर्ज काढायचे तरी परवानगी. हे बंधन चांगलेच आहे. त्यामुळेच जुन्या दात्यांनी दिलेली कितीतरी एकरे शाबूत राहिली. पण गावातला एखादा जण उत्साहाने दोन गुंठे दान देतो म्हणाला, तर त्याच्या मुलांनाही सभेला बोलवा. दानपत्र झाल्यावर ते परत फिरत नाही, आणि हरकत घेणारे बहुधा पुढच्या पिढीतले असतात. सुरुवातीला ग्रामपंचायतीची एखादी रिकामी खोली ठराव घेऊन वापरायला मिळाली, तर ती सर्वांत स्वस्त.

बंद करायची वेळ आली तर

मुले शिकून बाहेर पडली, अभ्यासिका ओस पडली, वर्गणी थांबली. असे होते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण कुलूप लावून विसरून जाऊ नका, कारण ऑडिटची मुदत कुलपाला विचारत नाही. सोसायटी विसर्जित करायला खास सभेत किमान तीन-पंचमांश सभासदांचे मत लागते. देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते. कपाटे, पंखे, खुर्च्या, पुस्तके, बँकेतली शिल्लक सगळे यात आले. मग शेवटचा हिशेब तपासून घ्यायचा, ठराव आणि मालमत्ता हस्तांतराच्या पावत्या जोडून धर्मादाय कार्यालयात अर्ज द्यायचा, पॅन परत करायचे, बँकेचे खाते बंद करायचे. लेखापाल आणि वकील मिळून सुरुवातीला लागले त्याच्या जवळपास पैसे इथेही धरा. ही सभा सात जण गावात असतानाच घ्या. एक नागपूरला, एक पुण्याला आणि दोन वर गेले, की तीन-पंचमांशांची बेरीज जुळवतानाच पुढची दोन ऑडिट चुकतात.